फ्लॅटमध्ये राहून हॅम रेडिओ: नजरेत न येणाऱ्या अँटेनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅमची (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांची) परीक्षा पास झाली, कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) आला, जुना का होईना रेडिओ सेटही घरात आला, आणि मग गाडी अडते ती अँटेनापाशी. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमधल्या नव्या हॅम मंडळींकडून मला पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं माझ्या बाल्कनीत किंवा मित्रांच्या घरी करून पाहिलेलं आहे.

परवाना सरकारने दिलाय, मग सोसायटी नाही कसं म्हणू शकते?

परवाना तुम्हाला ठरावीक बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात), ठरावीक पॉवरने प्रक्षेपण करायची मुभा देतो. गच्चीवर पाइप उभा करायची मुभा त्यात नसते. गच्ची, बाहेरच्या भिंती, डक्ट, कंपाउंड ही सगळी सामाईक जागा, आणि तिथे साधा खिळा ठोकायचा तरी सोसायटीला विचारावं लागतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकालाही. बाल्कनीच्या कठड्याच्या आत मात्र बरंच काही करता येतं. एक गोष्ट विसरू नका: परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो, त्यामुळे घर बदललं की तोही बदलून घ्यायचा.

कमिटीला सांगायचं की गुपचूप लावायचा?

सांगायचं. याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते अनुभवातून झालंय. पहिली तार मी कुणाला न विचारता गच्चीच्या कठड्यावरून सोडली होती. सात-आठ महिने छान चालली. मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि कामगारांनी जुन्या केबलींच्या भेंडोळ्याबरोबर माझी तारही कापून भंगारात टाकली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, कारण ती तार कुणाची आणि कशाची हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर मी सेक्रेटरींना एका पानाचं पत्र दिलं. सोबत परवान्याची प्रत जोडली आणि तारेचा तुकडा प्रत्यक्ष हातात ठेवला. कमिटीला तीनच काळज्या होत्या: इमारत विद्रूप दिसेल का, भोकं पाडल्यावर पाणी झिरपेल का, आणि हा मोबाइल टॉवरसारखा प्रकार आहे का. मी लिहून दिलं की भोक पाडणार नाही, रंगकाम निघालं की स्वतः तार काढून घेईन, आणि कुणाच्या टीव्हीत व्यत्यय आला तर फोन आल्याबरोबर सेट बंद करीन. पत्रात ‘टॉवर’ हा शब्द चुकूनही वापरू नका. ‘तार’ म्हणा, कारण ती तारच असते. शेवटी २००४ च्या त्सुनामीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या: भारती प्रसाद यांच्या गटाने तेव्हा हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये केंद्र लावलं होतं, आणि बाकीचं दळणवळण कोलमडल्यावर अंदमानातले निरोप त्याच केंद्रावरून मुख्य भूमीवर पोचले. त्या दोन ओळी वाचून आमच्या सोसायटीतले एक निवृत्त आजोबा घरी सेट बघायला आले.

वेश बदलायचा तो नजरेसाठी. माणसांपासून लपवलेला अँटेना कधी ना कधी कापला जातो.

सुरुवात कुठून करू?

खाली रस्त्यावर जाऊन इमारतीकडे दहा मिनिटं नुसतं बघा. गच्चीवरून खाली येणाऱ्या डीटीएचच्या केबली, इंटरनेटवाल्यांच्या वायरी, पावसाच्या पाण्याचे पन्हाळी पाइप, कपड्यांच्या दोऱ्या, ग्रिलला बांधलेल्या कुंड्या. डोळा या सगळ्याला सरावलेला असतो. त्यातलंच एक काहीतरी तुमच्या अँटेनाला व्हायचंय. आमच्या इमारतीच्या मागच्या अंगाला चौदा केबली लोंबतात. माझी पंधरावी. आजवर कुणी वर बोट दाखवून ‘ती काय आहे’ असं विचारलेलं नाही.

कोणत्या बँडला किती तार लागते?

१४३ ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, अर्ध्या तरंगलांबीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ ला साधारण २० मीटर, १४.२ ला १० मीटर, २१.२ ला पावणेसात, २८.४ ला जेमतेम ५ मीटर. फ्लॅटवाल्याने हे आकडे आणि आपल्या बाल्कनीचं माप शेजारी शेजारी लिहून ठेवावं, कुठल्या बँडचा नाद करायचा ते तिथेच कळतं. कापताना मात्र तार हातभर जास्त ठेवा. कमी करता येते, वाढवताना जोड द्यावा लागतो आणि पावसात पहिला तोच जोड कुजतो.

कपडे वाळत घालायच्या तारेचा अँटेना खरंच चालतो का?

चालतो, पण बहुतेक जण करतात तसा नाही. तीन मीटरच्या बाल्कनीत चार दोऱ्या शेजारी शेजारी आहेत, मग एकच तार चार वेळा मागे-पुढे नेली की १२ मीटर झाली, असा हिशेब केला जातो. शेजारच्या दोन तारांमध्ये प्रवाह उलट दिशेने वाहतो, एकाचं क्षेत्र दुसरा खोडतो, आणि पॉवर बाल्कनीतच जिरते.

त्यापेक्षा २८ मेगाहर्ट्झचा डायपोल (मध्यावर केबल जोडलेली, दोन बाजूंची तार) करा. अडीच-अडीच मीटरच्या दोन बाजू. मधला भाग कठड्याच्या वरच्या कोपऱ्यात, एक बाजू दर्शनी अंगाने आणि दुसरी काटकोनात वळवून बाजूच्या भिंतीलगत. काटकोनाने थोडं नुकसान होतं, सहन होण्यासारखं. तार निळ्या किंवा हिरव्या प्लास्टिकच्या कपड्यांच्या दोरीत ओवता आली तर उत्तमच. पोकळ दोरी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आतला धागा ओढून काढायचा आणि त्याच्या टोकाला तार बांधून आत खेचायची. ओले कपडे पडले की एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळतो याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) हलतो, म्हणून वाळत घालायची दोरी वेगळी ठेवा. दोरीला कुणी हात लावत असताना प्रक्षेपण अजिबात करायचं नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींनाही.

एका टोकाने जोडायची तार, म्हणजे एंड-फेड, कशी करायची?

फ्लॅटसाठी माझी सगळ्यात आवडती रचना हीच. डायपोलला मध्यावर केबल लागते आणि ती लोंबती केबलच नजरेत भरते. एंड-फेडमध्ये केबल घरातच संपते, बाहेर जाते ती फक्त बारीक तार.

अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाला रोध अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि सेटला हवेत ५०. म्हणून ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर. एफटी-२४०-४३ ही फेराइट रिंग घ्या, सुमारे ६१ मिलिमीटर व्यासाची. दहा-वीस वॉटला एफटी-१४०-४३ पुरते. जवळपास १ मिमी जाडीची इनॅमलची तांब्याची तार. प्रायमरीचे (सेटकडचे) २ वेढे, सेकंडरीचे (तारेकडचे) १४. प्रायमरीचे दोन्ही वेढे सेकंडरीच्या पहिल्या दोन वेढ्यांना पीळ देऊन एकत्र गुंडाळा, पुढे सातव्या वेढ्यापर्यंत एका बाजूने या, तार रिंगच्या आतून पलीकडे न्या आणि उरलेले सात समोरच्या बाजूने. इनॅमल नखाने निघत नाही, पॉलिश पेपरने चारी बाजूंनी खरवडा आणि मगच सोल्डरचा डाग द्या. माझा पहिला ट्रान्सफॉर्मर अर्धवट खरवडलेल्या टोकामुळे दोन दिवस ‘बिघडलेला’ होता. सॉकेटवर १०० पिकोफॅरडचा, किमान १ किलोव्होल्टचा कपॅसिटर आडवा जोडला की वरचे बँड सुधारतात.

तार जोडण्याआधी तपासणी: सेकंडरीवर २.२ किलोओहम आणि २४० ओहमचे रेझिस्टर एकामागे एक लावा आणि नॅनोव्हीएनए या छोट्या मापन-यंत्राने एसडब्ल्यूआर बघा. ७ ते १४ मेगाहर्ट्झमध्ये तो दीडच्या आत यायला हवा. आला की सगळं पीव्हीसीच्या जंक्शन बॉक्समध्ये बंद करायचं. असा पांढरा डबा प्रत्येक इमारतीच्या भिंतीवर डझनभर असतो.

२० मीटरची तार ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालते, १० मीटरची १४ आणि २८ वर. माझी १० मीटरचीच आहे: गच्चीच्या कठड्यापासून उभी खाली, डीटीएचच्या केबलींना समांतर, पण त्यांच्यापासून हातभर लांब. अगदी चिकटवली तर त्या केबली पॉवर ओढतात आणि घराघरांतला गोंगाट तुमच्या सेटमध्ये आणून सोडतात. तार वरच्या मजल्यांच्या खिडक्यांजवळून जाते, म्हणून त्या घरांशी आधी बोललो. मोकळं टोक कुणाच्याही हाताला लागेल असं ठेवू नका. ५० वॉटला तिथे साडेतीनशे व्होल्टच्या घरात दाब असतो, बोट नक्की भाजतं.

तार कुठल्या जाडीची आणि कुठल्या रंगाची?

पाठीमागे आकाश असेल तर फिकट राखाडी, झाडं असतील तर काळी किंवा गडद हिरवी, भिंत असेल तर भिंतीच्या रंगाची. नवं उघडं तांबं उन्हात चमकतं, ते टाळा. अर्धा मिलिमीटर जाडीची तार वीस फुटांवरून दिसेनाशी होते, पण कावळे बसून आणि वाऱ्याने ती वर्षभरात तुटते. मी पीव्हीसी वेष्टनाची ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी फ्लेक्झिबल वायर वापरतो. दिसते, पण वायरसारखी दिसते, आणि तेवढंच हवं असतं.

खिडकीचं ग्रिलच अँटेना म्हणून जोडलं तर?

ऐकण्यासाठी जोडून बघा, प्रक्षेपणासाठी नको. ग्रिलच्या गंजलेल्या सांध्यातून प्रवाह गेला की सांधा डायोडसारखा वागतो आणि नको त्या फ्रिक्वेन्सी तयार करतो. मग शेजारच्या टीव्हीत जे दिसतं त्याचं खापर तुमच्यावर फुटतं. शिवाय ग्रिलला मुलं लोंबकळतात.

पन्हाळीच्या पाइपात काय बसवता येईल?

बंगला किंवा रो-हाउस असेल तर ही जागा सोन्यासारखी. पीव्हीसी पाइप रेडिओ लहरींना अडवत नाही. चालू पन्हाळीच्या आत मात्र घालू नका, पावसाळ्यात पाण्याने सगळं गणित बदलतं; शेजारी तसाच एक कोरडा पाइप उभा करा आणि वरून टोपी लावा. पाच मीटरच्या पाइपात १४ मेगाहर्ट्झचा पाव तरंगलांबीचा व्हर्टिकल, म्हणजे उभा अँटेना, बसतो. त्याला खाली मातीत पुरलेल्या तारा लागतात: बागेच्या कडेने आठ-दहा तारा, बोटभर खोल. हिरवळ त्या महिनाभरात झाकून टाकते.

फ्लॅटमध्ये असाच पाइप दोन मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी वापरा. १४५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी अर्ध्या मीटरहून किंचित कमी, ४९ सेंटिमीटर. ३०० ओहमच्या चपट्या केबलचा जे-पोल (इंग्रजी J च्या आकाराचा उभा अँटेना) पावणेदोन मीटरच्या पाइपात आरामात मावतो आणि बाल्कनीच्या कोपऱ्यात मनी प्लँटचा वेल चढवायला उभा केलेला दांडा म्हणून राहतो. ट्यूनिंग पाइपात घातल्यावर करा. पीव्हीसीमुळे फ्रिक्वेन्सी थोडी खाली सरकते. वेल ओला झाला की आणखी जराशी.

आकाशकंदील किंवा गुढीचा उपयोग होतो का?

होतो, आणि ते दिवस मला फार आवडतात. दिवाळीत कंदिलासाठी बाल्कनीबाहेर काठी काढली की तिच्यावर तार ओढलेली कुणालाही खटकत नाही. काही सोसायट्यांत एका विंगपासून दुसऱ्या विंगपर्यंत माळा सोडतात, त्या दोरीबरोबर २० मीटरचा पूर्ण डायपोल जातो. फक्त एलईडीच्या माळांचे स्वस्त अडॅप्टर भयंकर खरखर करतात, तेव्हा रात्री माळा बंद झाल्यावर बसा. गुढीच्या काठीला मात्र मी तार बांधत नाही. ती पूजेची वस्तू आहे, आणि उतरवतानाही घाई होते.

बाहेर काहीच लावता येत नाही. लूप (नळीच्या वर्तुळाचा अँटेना) घेऊ का?

घ्या, पण त्याचं गणित समजून घ्या. तांब्याच्या २२ मिलिमीटर नळीचा १ मीटर व्यासाचा मॅग्नेटिक लूप १४.२ मेगाहर्ट्झवर घेतला तर त्याचा रेडिएशन रेझिस्टन्स (लहरी बाहेर टाकण्यात कामी येणारा रोध) अवघा ०.१ ओहम भरतो. तांब्याचा स्वतःचा रोध ०.०४ च्या आसपास. म्हणजे सांधे चांगले असतील तर निम्म्याहून जास्त पॉवर बाहेर पडते. आता नळीच्या टोकाला नटबोल्टचा जोड देऊन आणखी ०.१ ओहम वाढवलात तर निम्म्याहून अधिक पॉवर धातू तापवण्यात जाते. म्हणून सांधे डाग देऊन पक्के करायचे आणि नळीची टोकं जोडणारा, ट्यूनिंगचा कपॅसिटर घासत्या संपर्काचा नको, बटरफ्लाय किंवा व्हॅक्यूमचा हवा. १० वॉटलाही त्यावर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो. हाच लूप ७ मेगाहर्ट्झवर वापरला तर रेडिएशन रेझिस्टन्स ०.००६ ओहमवर घसरतो. ऐकायला छान, बोलायला फारसा उपयोग नाही.

दुसरी अडचण अशी की तो अतिशय काटेकोर असतो. दहा-वीस किलोहर्ट्झ सरकलात की पुन्हा ट्यून करायचं. पण गोंगाटाच्या बाबतीत तो वरदान आहे, फिरवला की शेजारच्या इन्व्हर्टरची खरखर चक्क गायब होते. वापर संपला की बेडच्या मागे सरकवून ठेवता येतो.

डिशचा काही उपयोग?

क्यूओ-१०० ऐका. कतारच्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हॅमसाठी ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत पाठवणारी यंत्रं) आहेत, त्यांचंच नाव क्यूओ-१००. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो उपग्रह अवकाशात गेला आणि पूर्व रेखांश २५.९ अंशांवर उभा आहे. साधी ६० सेंटिमीटरची डीटीएच डिश, नेहमीचा एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल घेणारा डबा) आणि यूएसबीचा एसडीआर (संगणकाला जोडायचा रेडिओ) एवढ्यावर १०,४८९.५ मेगाहर्ट्झच्या वरचे आवाज घरात येतात. मुंबई-पुण्याहून डिश पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून ३२-३३ अंश वर रोखावी लागते. इमारतीतल्या बाकी डिश दुसरीकडे तोंड करून असतात एवढाच काय तो फरक, आणि तो आमच्या वॉचमनकाकांशिवाय कुणाच्याही लक्षात आला नाही. पश्चिमेची बाल्कनी असलेल्यांनी हे करून बघाच.

दुसऱ्या मजल्यावर अर्थिंग कुठून आणू?

घरातल्या प्लगच्या अर्थला किंवा पाइप गॅसच्या नळीला अँटेना जोडायचा नाही, कधीच नाही. त्याऐवजी पाव तरंगलांबीची तार, १४ मेगाहर्ट्झला ५ मीटर, बाल्कनीच्या स्कर्टिंगलगत पायदानाखालून फिरवा. एंड-फेडला तर दीड-दोन मीटरही पुरते. आणि केबल सेटला जोडण्याआधी तिचे १०-१२ वेढे फेराइट रिंगवर घ्या, नाहीतर केबलच अँटेना होते आणि माइकला ओठ लागले की चटका बसतो.

शेजाऱ्यांच्या टीव्हीत आवाज आला तर?

आधी आपल्या घरातला टीव्ही बघा. तो स्वच्छ असेल तर बोलायला बळ येतं. शेजाऱ्यांकडे क्लिप-ऑन फेराइट घेऊन जा आणि स्वतःच्या हाताने स्पीकरच्या वायरीला आणि अडॅप्टरला बसवून द्या. आमच्याकडे पहिल्या मजल्यावरच्या काकूंचा इंटरकॉम माझ्याबरोबर बोलायचा. दोन फेराइट आणि पॉवर ५० वरून २० वॉट, प्रश्न मिटला. त्या अजूनही विचारतात, आज कुणाशी बोललास?

एवढ्या जवळ अँटेना असला तर शरीराला अपाय?

कमी पॉवर आणि जास्त अंतर, हे दोन नियम पाळा. घरातल्या अँटेनाला मी १० वॉटच्या वर जात नाही आणि लूपपासून दोन मीटर लांब बसतो. लूप ठेवलेल्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पलंग आहे का हेही बघा. ते लोक तुमच्यासारखे उठून बाजूला होऊ शकत नाहीत.

एवढ्याशा अँटेनावर किती लांब बोलता येतं?

७ मेगाहर्ट्झवर कमी उंचीची तार लहरी जवळजवळ सरळ वर फेकते आणि त्या आयनमंडलावरून आसपासच्या काहीशे किलोमीटरमध्ये परततात. पुण्याहून नागपूर, हैदराबाद, राजकोट दिवसा सहज. १४ आणि २८ वर उभ्या तारेने परदेश. सगळ्यात समाधान देतं ते एफटी८, म्हणजे संगणकाकडून छोटे निरोप पाठवायची पद्धत. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये आणलेली ही पद्धत १५ सेकंदांच्या तुकड्यांत चालते आणि कानाला ऐकूही न येणारा, गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा सिग्नल उलगडते. संगणकाचं घड्याळ तेवढं नेमकं लावायचं. फ्लॅटमधल्या माणसाने पहिले शंभर संपर्क यावर करावेत, अँटेनाचा खरा कल त्यातून कळतो.

मी अमेरिकेत आहे, आमच्या कॉलनीच्या नियमांत अँटेनाला बंदी आहे. एफसीसी (तिथली सरकारी दळणवळण नियामक संस्था) मदत करते ना?

इथे अनेकांची गफलत होते. हॅम अँटेनाला वाजवी जागा द्या असं सांगणारा एफसीसीचा १९८५ चा पीआरबी-१ आदेश शहरं आणि राज्यांच्या नियमांना लागू आहे, घर घेताना तुम्ही होमओनर्स असोसिएशनशी केलेल्या खासगी कराराला नाही. १९९६ चा नियम १ मीटरपर्यंतच्या डिश आणि टीव्हीच्या अँटेनाला संरक्षण देतो, हॅम अँटेनाला देत नाही. म्हणून तिथे झेंड्याचा खांब आणि पोटमाळा हे दोन मार्ग रूढ आहेत. लाकडी घर आणि साध्या छपराखालचा पोटमाळा डायपोलला उत्तम, आपल्याकडच्या सळयांच्या स्लॅबखाली ती चैन नाही. छताखाली धातूचा थर असलेलं इन्सुलेशन नाही ना, एवढं आधी बघा.

विजा आणि पावसाळा?

एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर, या काळात वापर संपला की केबल सेटमधून काढायचीच. इमारतीच्या वीजरोधकाच्या पट्टीला तार बांधू नका. केबल घरात घेण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. मुंबई-कोकणात खारी हवा सांधे हिरवे करते, तेव्हा मे महिन्यात सगळे जोड उघडून पुन्हा डाग द्या आणि सेल्फ-अमल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटणारी रबरी) टेप गुंडाळा.

संक्रांतीला मांजाने तार तुटते. काय करावं?

त्या आठवड्यात गच्चीकडचं टोक सोडून तार खाली गुंडाळून ठेवा. ते टोक आधीच नायलॉनच्या दोरीला आणि छोट्या कप्पीला बांधलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, आणि दोरी तुटली तरी तार वाचते. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या मुलांना कप्पी दाखवून ठेवा. आमच्याकडे आता तीच मुलं तार खाली सोडतात, आणि त्यातली एक बारावीतली मुलगी हॅमच्या पुढच्या परीक्षेला बसतेय.